जित्या बाईच्या फोटोला हार

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नंतर कुणी हसलेलं मला चालणार नाय. माणसं जिवंत आहेत, लालबागला राहतात, त्यांच्या घरचा चहा प्यायलोय मी.

आणि रात्र-बित्र काय नव्हती. गेल्या फेब्रुवारीतला मंगळवार. दुपारचे सव्वाबारा. खाली गल्लीत मसाला कांडपाची मशीन धडधडतेय...

पण आधी थोडं मागचं.

स्वप्नील मेस्त्री. बाप गिरणीत, पोरगा जगभर. रस्त्यावरच्या माणसांचे फोटो काढायचं काम त्याचं. आज इस्तंबूल, उद्या लिस्बन. त्याची एक खोड होती. कॅमेरा डोळ्याला लावायचाच नाय. पोटावर लटकवायचा, बघायचं भलतीकडे आणि बटण दाबायचं. समोरच्याला पत्ता नाय. विचारलं की माणूस लाकूड होतो, म्हणायचा.

डिसेंबरात तो कफ परेडच्या मच्छीमार नगरात गेला. चंपाबाई नावाची म्हातारी कोळीण बोंबील वाळत घालत होती. तिने बरोबर ओळखलं. पंजा आडवा धरला तोंडावर.

"माजा फोटू नको काढू."

नाय मावशी, नाय काढत, म्हणाला स्वप्नील.

आणि पोटावरनं बटण दाबलं.

फोटो असा आला की काय सांगू. काळापांढरा. बोटांच्या फटीतनं एकच डोळा. गिरगावात एका हॉलमध्ये त्याचं प्रदर्शन लागलं, तेव्हा हाच फोटो दाराशी. माणसाएवढा.

उद्घाटनाच्या आधी हॉलवाल्यांनी शिपायाला, बाबुरावांना, सांगितलं, फोटोला हार घाला. म्हणजे आतल्या संस्थापकांच्या फोटोला. बाबुराव बिचारे त्याच आठवड्यात लागलेले. दाराशी एवढा मोठा फोटो, काळापांढरा, म्हातारी बाई... त्यांनी झेंडूचा हार चंपाबाईला घातला. खाली उदबत्तीपण लावली.

आपल्यात फोटोला हार कधी चढतो, ते काय सांगायला हवं?

स्वप्नीलने बघितलं. तिथंच हार उतरवला असता तर गोष्ट संपली असती. पण तो हसला. त्या हाराचाच फोटो काढून मोबाइलवर टाकला. मग हजार लोक हसले.

फिरत फिरत तो फोटो चंपाबाईच्या लेकीच्या, शैलाच्या, मोबाइलवर गेला.

दुसऱ्या दिवशी म्हातारी हॉलच्या दारात उभी. हिरवं लुगडं, हातात काचेच्या बांगड्या. हार तसाच. खाली राख.

ती ओरडली नाय, शिवी दिली नाय. आपल्याच फोटोसमोर उभी राहून म्हणाली, "जित्ती हाय मी अजून."

स्वप्नील सॉरी मावशी, सॉरी मावशी करत राहिला. ती ऐकत राहिली. मग अगदी मायेने विचारलं, घरात कोण कोण हाय तुज्या?

याला वाटलं, निवळली. सांगून टाकलं. बायको मेघना. मुलगी सहा वर्षांची.

"नाव काय तिचं?"

"श्रेया."

म्हातारीने मान हलवली. आणि गेली.

तिसऱ्या दिवशी बोंबलाच्या काठ्यांखाली बसल्या जागी मेली.

स्वप्नील तेव्हा इस्तंबूलला. हॉटेलात बसून दिवसभराचे फोटो बघत होता. पुलावरची गर्दी. गळ टाकून उभी माणसं. आणि पार मागे... हिरवं लुगडं.

आता इस्तंबूलला कोळीण कुठली?

लिस्बनला ट्रामच्या बाजूला. जरा जवळ. हातात कायतरी धरलेलं.

हनोईला भाजीवालीच्या खांद्याशी. हातात हार. तोंडावर पंजा नव्हता आता. दोन्ही डोळे सरळ कॅमेऱ्यात.

डोळ्यांना कधी कोण दिसलं नाय. फक्त बटण दाबलं की बांगड्या वाजायच्या...

किण.

घरी आला, कॅमेरा कपाटात टाकला. मेघनाला काय बोलला नाय.

आणि तो मंगळवार. शाळेत ओळखपत्राला श्रेयाचा फोटो हवा होता. स्वप्नील म्हणाला, स्टुडिओत नेतो. मेघना वैतागली.

"जगाचे काढतोस, पोरीचा एक काढायला हात मोडतात काय रे?"

तिने मोबाइल त्याच्या हातात कोंबला. श्रेया पांढऱ्या भिंतीला टेकून उभी राहिली. याने विचार केला, मोबाइल आहे, तो कॅमेरा थोडीच आहे. आयुष्यात पहिल्यांदा नीट समोर बघून फोटो काढला.

खालची मशीन थांबली.

गल्लीतली माणसंपण गप्प...

किण.

घाबरत घाबरत त्याने फोटो बघितला. श्रेया एकटी. मागे भिंत. बाकी काय नाय. त्याचा जीव भांड्यात पडला.

तेव्हा पोरगी म्हणाली, "बाबा, आजीने माझ्या गळ्यात काय घातलं?"

गळा मोकळा होता.

"कुठली आजी ग?"

"मासेवाली. तिला माझं नाव माहितीये."

मेघना हसायला लागली. आणि मध्येच थांबली. खोलीत वास आला होता. झेंडूचा. आणि सुक्या बोंबलाचा.

संध्याकाळी तो मोठा फोटो घेऊन स्वप्नील शैलाच्या पायाशी बसला. तिने फोटो घेतला नाय. म्हणाली, आईने कधी कुणाला फोटो काढू दिला नाय. मेल्यावर हार घालायला घरात एकपन नव्हता.

"तिच्या वाटचा हार तुमीच घालून ठेवला व्हता. तो कसा उतरवायचा, मला काय ठावं?"

आता रोज सकाळी शाळेचा गणवेश घालायच्या आधी स्वप्नील श्रेयासमोर गुडघ्यावर बसतो. दोन्ही हात तिच्या खांद्यांवर ठेवतो आणि डोक्यावरनं हळूच वर उचलतो, खरंच हार उतरवावा तसा. हाताला काय लागत नाय. विचारतो, गेला?

ती नाय म्हणते. रोज. मी स्वतः बघितलंय.

परवा मात्र ती वेगळं बोलली. म्हणाली, बाबा, फुलं सुकत चाललीत.

सगळी सुकली की काय होतं, ते कुणाला माहीत नाय. विचारायला जावं, तर जिला विचारायचं ती...