दोन गोळ्यांची झोप

"पापाला त्यांच्याजवळ निजवू नका," सासऱ्यांच्या गोळ्यांची डबी देताना दवाखान्यातली वसंता सिस्टर पहिल्याच दिवशी म्हणाली होती. पापा म्हणजे बाळ, कीर्तीची मुलगी नित्या. गोळ्यांना मुलांचा हात लागू नये म्हणून म्हणत असेल, असं कीर्तीला वाटलं. तिनं डबी उंच फळीवर ठेवली आणि विषय सोडून दिला.

तिच्या सासऱ्यांना, गुरुमूर्ती आप्पांना, रक्ताचा कर्करोग होता, सावकाश चालणारा. जुनी गोळी पुरेना, म्हणून तिच्या जोडीला नवी देऊन बघायची, अशी दवाखान्यात चाचणी चालू होती. दोन्ही घेतल्या की आप्पांना दुपारी गाढ झोप लागे. पंखा घरघरायचा, खाली टी. नगरच्या बसचे हॉर्न विरघळत जायचे आणि चार वर्षांची नित्या तात्ताच्या, आजोबांच्या, कुशीत शिरायची.

"लांब ओसरी असते," आप्पा उठल्यावर स्वप्न सांगत. "पलीकडे समुद्र. गोळ्यावाले अस्के, झाडून सगळे, बसलेले असतात तिथें, नंबर यायचा म्हणून."

"नंबर कशाचा?"

"कोण सांगटलं? पण नित्या असली की वेळ जातो."

कीर्ती हसली. रिपोर्ट चांगले येत होते.

पुढच्या तपासणीला दवाखान्यात एक अनोळखी गृहस्थ शेजारी बसले. राघोत्तम; चाचणीतलेच, बंदराजवळ जॉर्ज टाउनला मसाल्याच्या वखारीवर एकटे राहणारे. नित्याकडे बघून म्हणाले, "काय नित्याबाई, शिंपले कुठायत?"

नित्यानं रिकामी ओंजळ दाखवली. "तिथेच ठेवलेत."

"तुम्ही हिला कुठं भेटलात?" कीर्तीनं विचारलं.

"रोजच भेटतो की."

त्यानंतर दुपारी कीर्ती तिला स्वयंपाकघरात, स्वतःजवळ ठेवू लागली. तिथंही नित्या भिंतीला टेकून पेंगायची. उठली की तळवे झाडायची, वाळू लागल्यासारखे.

कीर्तीनं सिस्टरला फोन केला. "गोळ्या बंद केल्या तर?"

"आजार उसळेल, अम्मा." मग आवाज उतरवून, "पापाला जागं ठेवा."

आज आप्पा दचकून उठले. "नित्या परत येत नाही म्हणते. राघोत्तमांचा नंबर आला. तिला त्यांच्याबरोबर जायचंय."

नित्या कीर्तीच्या मांडीवर होती. डोळे उघडे.

हाक मारली की ओ येत होती. पण उशिरा. लांबून.

राघोत्तम फोन उचलत नाहीत. नवरा इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात, त्याचा मोबाइल गेटवर जमा. आणि मुलीला मांडीवरून उतरवायचा कीर्तीला धीर होत नाही.

म्हणून ती तुम्हाला विनवते आहे. बंदराच्या बाजूला असाल, तर त्या वखारीवर जाऊन या. राघोत्तमांना लगेच उठवू नका. आधी त्यांचा हात बघा. लहान बोटं धरल्यासारखा वळलेला असेल, तर हळूच सांगा, नित्या, आई बोलावतेय.