तीन दशांश मिलिमीटर

गिअरच्या दांड्याच्या बुडाशी, रबरी टोपीखाली, तांब्याची दोन टोकं एकमेकांसमोर उभी असतात. त्यांच्यात तीन दशांश मिलिमीटरची फट लागते. तिने फीलर गेजचं पातं त्या फटीत सारलं. पातं किंचित घासत, पण न अडकता आत गेलं. बरोबर तीन दशांश. मागच्या रविवारी होती तेवढीच, आणि त्याच्या मागच्या रविवारी होती तेवढीच.

"काय म्हणतेय?" बाबांनी गॅरेजच्या दारातून विचारलं.

"काहीच म्हणत नाहीये. तोच तर प्रॉब्लेम आहे."

गाडी पन्नास वर्षांची. तिला क्लचचं पेडल नव्हतं, पण ती पूर्ण ऑटोमॅटिकही नव्हती. धड इकडची ना तिकडची. गिअर हातानेच टाकायचा. दांड्यावर हात पडला की ती दोन टोकं चिकटत, मागे इंजिनाजवळच्या व्हॉल्व्हला करंट जाई, हवा खेचणाऱ्या इंजिनाची ओढ एका पत्र्याच्या डब्यातला पडदा खेचून घेई आणि क्लच सुटे. हात काढला की क्लच पुन्हा धरे. म्हणून या गाडीचा नियम एकच होता. गिअर पडला की हात दांड्यावर ठेवायचा नाही. नुसता विसावलेला हातसुद्धा गाडीला हुकूम वाटतो. क्लच सुटतो, इंजिन बोंबलतं आणि गाडी आपली घरंगळत राहते.

गेले दोन महिने ती मध्येच तशी घरंगळत होती. "चालता चालता सोडून देते," बाबा म्हणत. जणू बोट धरलेल्या माणसाची तक्रार करावी तसं.

ती एका प्रयोगशाळेत दुसऱ्यांची वजनं आणि मापं तपासायची. कुठलं उपकरण किती खोटं बोलतं ते कागदावर लिहून देणं हा तिचा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे व्हॉल्व्ह, नळ्या, वायरी, पडदा, सगळं तिने एकेक करून तपासलं होतं. एक नळी चिरली होती, ती बदलली. अर्थिंगच्या वायरचं टोक गंजलं होतं, ते घासलं. गाडीचाच दोष निघावा असं तिला मनापासून वाटत होतं. गाडीचा दोष निघाला तर तो दुरुस्त करता येतो. नाही निघाला तर बाबांना एक वाक्य सांगावं लागणार होतं, आणि ते वाक्य ती वर्षभर गिळत आली होती.

बाबा एकोणऐंशीचे. फाटकाच्या खांबाला गाडी दोनदा घासली होती. एकदा ते पेट्रोल भरायला गेले आणि शेजारच्या गावातून फोन केला, "इथे पंप कुठे हलवला गं?" तिने तेव्हाही हसून घेतलं. आई गेल्यापासून ही गाडी सोडली तर बाबांकडे स्वतःचं म्हणून उरलं काय होतं?

आता सोमवारपासून नवऱ्याची ड्यूटी बदलणार होती. छोटीला शाळेतून आणायचं कोणी, हा प्रश्न जेवताना निघाला आणि तो पुरा व्हायच्या आत बाबा म्हणाले, "मी आहे की." छोटी, तिची लेक, सहा वर्षांची. तिने टाळ्या वाजवल्या. नवऱ्याने ताटावरून नजर वर करून बायकोकडे पाहिलं.

"बघू," ती म्हणाली. सगळं वर्ष तिने याच एका शब्दावर काढलं होतं.

बुधवारी ती मास्तरांकडे गेली. मास्तर म्हणजे ही गाडी ज्याला कळते असा शिल्लक राहिलेला एकमेव मेकॅनिक. बाजूला कोणीही उभं राहिलं की शिकवायला लागायचे, म्हणून मास्तर. डोळे अधू झाल्यापासून ते दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसत आणि नुसत्या आवाजावरून निदान करत.

"तुम्ही चालवता तेव्हा होतं का, ताई?"

"एकदाही नाही. शंभर किलोमीटर चालवून पाहिली."

"आणि बाबा चालवतात तेव्हा?"

"दर खेपेला कुठे ना कुठे."

"मग माझ्याकडे कशाला आलात? गाडी सोडा, गाडीवानाला दाखवा कोणाला तरी." ते खोकत हसले. मग हसू ओसरल्यावर म्हणाले, "खरं सांगू? तुमच्या आई होत्या तेव्हा माझा धंदा बरा चालायचा. शेजारी बसायच्या. तुमचे बाबा जरा जोरात निघाले की त्या बोलायच्या नाहीत, हळूच दांड्यावर हात टेकवायच्या. गेली गाडीची ताकद. बाबा माझ्याकडे यायचे रागारागाने. मास्तर, हिच्या हाताला काहीतरी करा, कॉन्टॅक्टची टोकं काळी पडली."

तिला हे आठवत होतं. मागच्या सीटवरून पाहिलेला आईचा तो हात, बांगडीचा दांड्याला लागून होणारा बारीक आवाज.

गुरुवारी तिने त्या दोन टोकांना वेगळी वायर जोडून एक छोटा दिवा लावला. टोकं चिकटली की दिवा लागणार. बॅटरी या गाडीत मागच्या सीटखाली असते, म्हणून ती दिवा मांडीवर घेऊन मागे बसली. बाबांचा हात नकळत दांड्यावर जात असणार, हा तिचा अंदाज. एकदा डोळ्यांनी पाहिलं की बोलणं सोपं जाईल.

मंडईच्या अलीकडे दिवा लागला. इंजिन ओरडलं.

"बघ. सोडलं," बाबा म्हणाले.

त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

दिवा चार सेकंद जळला आणि विझला. क्लचने पुन्हा धरलं. त्या दिवशी असं तीन वेळा झालं, शुक्रवारी सकाळी दोन वेळा. तिने वहीत रकाने आखले. वेळ, वेग, चढ-उतार, इंजिन किती तापलेलं, रस्ता कसा. कशाचा कशाला मेळ बसेना. शेवटचा रकाना तिने केवळ सवयीने आखला होता: नंतर काय झालं.

स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून तिने तो वाचला. लाल सिग्नल, बाबांच्या उशिरा लक्षात आला. सायकलवाला उजवीकडून. एकेरी रस्ता, उलट्या बाजूने शिरत होते. पुन्हा सिग्नल. फूटपाथवरून उतरलेली बाई.

पाचही वेळा गाडीने आधी सोडलं होतं. दोन-तीन सेकंद आधी. दोष आधी, चूक नंतर. एकदाही उलट नाही.

तिने वही मिटली. चहा उकळून ओट्यावर सांडला तरी ती गॅसकडे बघत उभी होती.

दुपारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून तयार. "शाळेच्या रस्त्याची रंगीत तालीम करू. सोमवारी घोळ नको."

तिला नाही म्हणता आलं असतं. त्याऐवजी तिने स्पॅनर घेतला. इंजिन चालू ठेवून, हँडब्रेक ओढून तिने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली. या गाडीत इंजिन आणि गिअरच्या मध्ये तेलाची जोडणी असते, म्हणून ती एकाच गिअरमध्ये बंद न पडता उभी राहते आणि निघतेही. मग गाडीमागे जाऊन तिने व्हॉल्व्हची वायर काढून टोकाला टेप गुंडाळला. पत्र्याच्या डब्याची नळी उपसली आणि तिच्या तोंडात बोल्ट ठोकून बसवला. आता कोणी दांड्याला लोंबकळलं तरी क्लच सुटणं शक्य नव्हतं. दिव्याची वायर तेवढी राहू दिली.

"गिअरला हात लावायचा नाही. अख्खा रस्ता दुसऱ्यातच."

"म्हणजे आज परीक्षा आहे माझी," बाबा म्हणाले.

"गाडीची आहे."

"तुझी आई असंच म्हणायची. आणि बघत माझ्याकडे असायची."

ते छान चालवत होते. प्रत्येक सिग्नलला थांबले, वळताना हात दाखवला. तिचा श्वास थोडा मोकळा झाला. दिवा मांडीवर गप्प होता. यंत्राचंच काहीतरी होतं तर, तिने स्वतःला सांगितलं. सोमवारचं बघू.

शाळेचा रस्ता किंचित चढाचा. फाटकातून मुलं सुटली होती. शिपाई रस्त्याच्या मधोमध हात आडवा करून उभा होता आणि त्याच्यामागून दोघादोघांच्या जोड्या ओलांडत होत्या.

दिवा लागला.

तिने मान वर केली. बाबांचे हात स्टिअरिंगवर. दांडा शेजारच्या रिकाम्या सीटकडे किंचित कलला होता, कशाच्या तरी वजनाने कलावा तसा.

बाबांनी पाय दाबला. पूर्ण ताकदीने, सीटमधून अर्धवट उठून.

इंजिन किंचाळलं.

त्यांनी ब्रेक म्हणून जे दाबलं होतं, तो ब्रेक नव्हता.

गाडीने झेप घेतली नाही. चढावर तिचा वेग मरत गेला, मरत गेला, आणि शिपायापासून दोन हातांवर ती थांबली. शिपाई हलला नव्हता. मुलंही नव्हती. सगळे त्या आवाजाकडे पाहत होते.

"बाबा. पाय काढा."

त्यांनी पाय काढला. तिने पुढे वाकून हँडब्रेक ओढला आणि किल्ली फिरवली. इंजिन बंद पडलं.

दिवा जळत होता.

व्हॉल्व्हची वायर तिने स्वतः काढली होती. टेपचा उरलेला तुकडा अजून तिच्या बोटाला चिकटलेला होता. तिने वाट पाहिली. चार सेकंद. दहा सेकंद. शेवटची जोडी फूटपाथवर पोचली.

दिवा जळतच होता.

"बाबा," ती म्हणाली. आवाज तिला वाटलं होतं त्यापेक्षा स्थिर निघाला. "आजपासून गाडी तुम्ही चालवायची नाही. कधीच नाही. छोटीला मी आणीन."

बाबांनी मान डोलावली. त्यांनी आरशात तिच्याकडे पाहिलं नाही. ते शेजारच्या सीटकडे वळले, आणि घरात फक्त एकाच माणसाशी जसं वैतागून, हळू आवाजात बोलत, तसं म्हणाले,

"ऐकलंस ना? झालं तुझ्या मनासारखं. आता काढ हात."