चाळीसच्या वर नको

लाइट गेली की तुम्हाला म्हातारा आठवतो. एरवी मी तोंड उघडलं की मोबाइलमध्ये मुंडकं खुपसता. सांगतो, पण मधे कुणी ‘खरंच का’ विचारलं तर उठून झोपायला जाईन.

मोटारसायकलच्या मिस्त्रीची गोष्ट आहे. माझा दोस्त. त्याचं गॅरेज नाक्यावर होतं, आता तिथे चपलांचं दुकान झालंय. तोंडाचा फटकळ. पण इंजिन उघडण्याआधी हात धुणारा मिस्त्री मी तो एकच पाहिला.

त्या संध्याकाळी मी स्कूटरची क्लचची तार बदलायला बसलो होतो. बारक्या आपली गाडी न्यायला आला. बारक्या म्हणजे टेम्पोवाल्याचा धाकटा भाऊ. गाडीचं अख्खं इंजिन उघडून नवं पिस्टन टाकलं होतं. मिस्त्रीनं किक मारली, वाकून आवाज ऐकला आणि पोराला बजावलं. पिस्टन अजून बसायचंय, पहिले पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर नको. पळवलीस तर तापून जॅम होईल, मागचं चाक धरेल आणि तू हवेत. पोरगं हो हो म्हणालं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. थोरला भाऊ. त्या माणसाचा आवाज फोनशिवायही ऐकू येतो. टेम्पो माल भरून उभा आणि चावी राहिली बारक्याच्या खिशात.

“पंधरा मिनिटांत ये, नाहीतर घरी तोंड दाखवू नकोस.”

मी ऐकलं. मिस्त्रीनंही ऐकलं.

पोरगं पुलापर्यंतच पोचलं. पिस्टन जॅम झालं होतं.

खापर फुटलं मिस्त्रीच्या डोक्यावर. काम कच्चं केलं, पोराला काही सांगितलं नाही, असं थोरला चारचौघांत ओरडला. मी पुढे होऊन फोनचं सांगितलं. तर म्हणाला, ह्या म्हाताऱ्याला बाटली दाखवली की काहीही बोलतो. दारूला मी शिवत नाही, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याला खोटं कोण म्हणणार? गिऱ्हाईक तुटलं. त्याहून वाईट म्हणजे मिस्त्रीचा स्वतःवरचा विश्वास उडाला. सारखा मला विचारायचा, “मी चाळीस म्हणालो होतो ना रे?” मी म्हणायचो, म्हणालास, माझ्या कानांनी ऐकलंय. त्यावर मान हलवायचा. “तू दोस्त आहेस. तू तसंच सांगणार.”

सहा महिन्यांनी थोरल्यानं तीच गाडी गॅरेजपुढे आणून टाकली. विकायची होती. तुझं पाप तूच निस्तर, म्हणाला. मी मिस्त्रीला सांगितलं, भंगारात घाल. ऐकतोय कुठला. पुन्हा सगळं उघडलं, नवं पिस्टन, नव्या रिंगा, नवा कोरा सायलेन्सर. गाडी पहिल्या किकला चालू झाली. थोडा निळा धूर आला आणि गेला. तापू दिली, बंद केली, निवू दिली, पुन्हा चालू केली. दिवसा रस्त्यावर काढली तर लोक थांबून बघायचे, म्हणून रात्री काढली. बुधवार होता. चंद्र नव्हता. पुढचं त्यानं मला पहाटे दारात उभं राहून सांगितलं.

काटा चाळीसवर होता. रस्ता मोकळा. पूल आला… आणि गाडी जड झाली.

मागे माणूस बसलं की गाडीचं बूड दबतं, पुढचा उजेड वर उचलतो. रस्त्यावर पडलेला उजेड झाडांच्या फांद्यांवर गेला.

मिस्त्रीनं मागे पाहिलं नाही. घाबरून मूठ पिळली. पन्नास… पंचावन्न…

खांद्यावर हात आला. गार.

“मिस्त्री… चाळीस म्हणाला होतात ना.”

मूठ आपोआप सैल झाली. मिस्त्री रडत होता. गाडी चाळीसनं चालली होती. उजेड फांद्यांवरच होता.

टेम्पोवाल्याच्या घरापुढे आला… उजेड खाली पडला. गाडी हलकी झाली.

आत कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.

मी तसाच त्याच्याबरोबर गॅरेजवर गेलो. कोऱ्या सायलेन्सरवर, मागे बसणाऱ्याचा उजवा पाय येतो तिथे, वितळलेलं रबर चिकटलं होतं. चपलेच्या तळाच्या रेघा स्पष्ट होत्या. मिस्त्री तर पुढे बसला होता, आणि बूट घालून.

थोरला गाडी न्यायला आला तो शनिवारी. गाडी दोन दिवस बंद. इंजिनाला हात लावला तर थंडगार. म्हणाला, हे काय घाण लावून ठेवलंय, आणि बोटानं खरवडायला गेला. चर्र झालं. हात झटकला. बोटाला फोड आला, मी डोळ्यांनी पाहिला. मी म्हटलं, आता तरी फोनचं खरं बोल. त्यानं बोट तोंडात घातलं आणि गाडी ढकलत घेऊन गेला.

मिस्त्री वर्षाच्या आत गेला. थोरल्यानं त्याची माफी मागायची राहिलीच, आता मागून काय उपयोग. मी मात्र अजून जिवंत आहे, माझी तरी मागावी. रोज सकाळी माझ्या दारावरून जातो, हॉर्न देतो, मान वळवत नाही.

कोण काय विचारता? टेम्पोवाला.