न तडकणारा लेप

उधाणाच्या पौर्णिमेला सकाळी खाडीचे दार पाहण्याची चाल आंबेखोलात खारबंधाऱ्याइतकीच जुनी होती. समुद्राला गावाबाहेर थोपवणाऱ्या त्या पोलादी दारावर गावकरी श्रद्धेने हात फिरवीत. रंगाला तडा दिसला की तिथे गेरूचे बोट लावीत आणि कारागीर तेवढाच भाग उघडून खालचे पोलाद सांधीत. अलीकडे मात्र गेरूची वाटी न उष्टावता परत जाई.

हा प्रताप डॉ. कालिंदी पेडणेकर यांच्या ‘लवलेपा’चा. पूर्वीचा इपॉक्सीचा लेप कठीण खरा, पण ठिसूळ. त्याचे रेणू घट्ट विणलेल्या जाळ्यासारखे. भरतीच्या रेट्याने दार किंचित वाकले की जाळे तुटे. कालिंदीने काजूच्या टरफलातील तेलापासून एक द्रव्य सिद्ध केले. त्याच्या रेणूला लांब शेपटी होती. ती जाळ्याच्या गाठींमध्ये शिरून त्यांना हलायला अवकाश देई. दार वाके, तसा लेपही वाके. किनाऱ्यावरच्या बहुतेक दारांनी आणि पुलांनी तो अंगावर ल्यायला होता. आज गावाने त्याच उपकारापोटी तिला शाल-श्रीफळ देण्यासाठी बोलावले होते.

“बग गो बाय, एक तडो नाय!” दाराचा राखणदार राघोबा तांडेल कौतुकाने म्हणाला. “माझ्या तोंडार सुरकुत्यो, आणि दार बघ कसा तुकतुकीत! माका पण फास मगे थोडो.”

“काकू ओळखायच्या नाहीत, राघोकाका.”

“मगे तर दोन हात फास!”

कालिंदी हसली. तेवढ्यात भरती लागली. पाणी बाहेरून दाराला भिडले, तशी आतल्या बाजूस मधल्या सांध्यापाशी एक फिकट रेघ उमटली. लाट ओसरली, रेघ मावळली. पुन्हा लाट, पुन्हा रेघ.

ती रेघेपाशी वाकली. अतिशय ताण पडला की लेप पांढुरका होतो, हे तिने प्रयोगशाळेत अनेकदा पाहिले होते. नुसत्या वाकण्याने एवढा ताण पडत नसे.

“काका, कोयती द्या.”

तिने स्वतःच्या हाताने लेप खरवडला. खाली पोलादाला वीतभर चीर गेली होती. तिच्यातून खारे पाणी पाझरू लागले.

“पोलाद फाटले, लेप फाटला नाही,” ती हलकेच म्हणाली. “आपण लेपावर तडा शोधत राहिलो, आणि लेपच चिरेवर पांघरूण घालून बसला.”

“दुपारच्या उधाणाक टिकात?”

“नाही. एकदम फुटले तर खालची वाडी वाहून जाईल. दार आत्ताच थोडे वर घ्या. पाणी सावकाश आत आले, दोन्हीकडे सारखे झाले, की दारावर भार उरणार नाही.”

राघोबाने शेतांकडे पाहिले. “भात पोटरेक इलासा, बाय, आता कणसा सुटतली. खारा पाणी चढला तर दोन-तीन वर्सा हंय काय पिकाचा नाय. लोकांका काय सांगू?”

“तुम्ही वाडी रिकामी करा. लोकांना मी सांगते.”

सत्काराच्या मांडवात तिने हात जोडून सारे सांगितले. “शाल घेवक इलंस आणि शेत बुडवतंस?” एक म्हातारी कडाडली. कालिंदीने मान खाली घातली. शब्द मात्र मागे घेतला नाही. वाडीतली माणसे, गुरे टेकडीवर चढली. राघोबाने दार उचलायचे चक्र फिरवले, आणि ज्या समुद्राला पिढ्यान्‌पिढ्या अडवले, तो अतिथीसारखा निःशब्द पावलांनी हिरव्या भातात शिरला.

मध्यान्ही पाणी दोन्हीकडे समतल झाले. दार उभे होते. कोणी बुडाले नव्हते. टेकडीवरून मात्र रडण्याचा आवाज येत होता.

कालिंदी शेजारच्या खाडीवरच्या राखणदाराला पुन्हा पुन्हा फोन लावीत होती. घंटा वाजत होती. उचलत कोणी नव्हते.

राघोबा बंधाऱ्यावर टेकला.  मग म्हणाला,

“ह्याच घटकेक सगळ्या किनाऱ्यार उधाण आसा. तुझोच लेप, तशीच दारां. त्या दारांसमोर ती रेघ बघूक आता कोण उभो आसा, बाय?”