हेमाची चुकांची डायरी

नौपाड्यातल्या आमच्या क्लासमध्ये दर रविवारी सराव परीक्षा व्हायची आणि संध्याकाळी सर सगळ्यांचे मार्क दारावर चिकटवायचे. एमबीएची प्रवेशपरीक्षा डिसेंबरात होती, आणि सलग सहा रविवार दोनशेपैकी माझे मार्क एकच होते. चौऱ्याण्णव. पहाटे उठून वर्गमूळं घोकली, शब्दकोश घेऊन इंग्रजी पेपर वाचला. घाण्याचा बैल परवडला, तो निदान तेल तरी काढतो.

त्याच सहा आठवड्यांत हेमा भोईर सत्तरवरून एकशे एकवीसवर गेली. बाळकुमची, कोळ्याच्या घरातली. सकाळी आईबरोबर मासळीच्या पाट्या उचलून मग क्लासला येणारी. खरं तर कौतुक करायला हवं होतं. पण माझ्या पोटात दुखायचं. तिचं नाव वाचून पोरं 'क्या बात है' म्हणाली, की मी जिना उतरून निघून जायचो.

सरांचा दंडक होता, प्रत्येकाने चुकांची वही ठेवायची. प्रश्न, दिलेलं उत्तर, बरोबर उत्तर. हेमा वहीऐवजी मच्छीमार सोसायटीने वाटलेली यंदाची, १९९१ची डायरी वापरायची, पानोपानी छापील तारखा असलेली. ऑक्टोबरात एकदा ती बाकावर विसरली. मी उचलली, आणि परत द्यायच्या विचाराने उचलली नव्हती.

घरी उघडली. अक्षर तिचंच, बारीक, उजवीकडे कललेलं. चुका मात्र माझ्या होत्या. नळ आणि टाकीचं गणित, त्यातलं माझंच घाईतलं उत्तर. उताऱ्याखालचा चौथा प्रश्न, तोही माझाच. मी माझी वही शेजारी ठेवून ताडून पाहिलं. एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

मग पानं उलटत पुढच्या रविवारपर्यंत आलो. तिथेही चुका लिहिलेल्या होत्या. तो पेपर अजून झालाच नव्हता.

रविवारी पेपर हातात पडला, आणि ते प्रश्न तसेच्या तसे समोर आले. मी बरोबर उत्तरं लिहिली. मला एकशे अठरा पडले. दारावरच्या यादीत हेमाचे मार्क शोधले, तर चौऱ्याण्णव. मला वाईट वाटायला हवं होतं. मी चहाबरोबर दोन वडापाव खाल्ले.

पुढे मधल्या वारांचीही पानं भरू लागली. बाबांना मारलेली थाप. आईला दिलेलं उलट उत्तर. रोज एक तरी, आणि तीही आदल्या दिवशीच लिहिलेली. हेमा मात्र चौऱ्याण्णववरच अडकली होती.

आज, शनिवारी, क्लासच्या जिन्यात तिने मला थांबवलं.

"माझी डायरी पायलीस का रे?"

"नाही. माहीत नाही मला."

ती दोन पायऱ्या उतरून वळली.

"नसल तर नसल. पण जवल असल तर ठेवू नको."

घरी येऊन आजचं पान उघडलं. प्रश्न: डायरी कुठे आहे? दिलेलं उत्तर: माहीत नाही.

उद्याचं पान उघडलं. उद्या परीक्षा. पान कोरं.

म्हणजे एकही चूक नाही! हेमा बघतच राहील.

सोमवारचं पान उघडलं. कोरं.

मंगळवारचंही. थेट एकतीस डिसेंबरपर्यंत कोरी पानं. जिवंतपणी माझ्यासारख्या माणसाचा एकही दिवस चुकीवाचून जात नाही.

परीक्षा झाली की देऊन टाकू, असं ठरवलं आणि पुन्हा आजच्या पानावर आलो. खाली दुसरी नोंद आली होती.

प्रश्न: डायरी कधी परत देशील? दिलेलं उत्तर: परीक्षेनंतर. बरोबर उत्तर: आज.

आत्ता साडेसहा झालेत. बाळकुमला रिक्षाने वीस मिनिटं लागतात.

पण आज दिली, तर उद्या हेमाला माझ्याहून जास्त मार्क पडतील.

मी पेन्सिलींना टोक करत बसलोय.