जांभळी पट्टी

होबार्टच्या धक्क्यावरच्या कॉफीच्या दुकानात टॅम्सिन शिरली, ती भुरभुर पाऊस चुकवायला. प्रेमात पडायचा तिचा काही विचार नव्हता. कोरडी खुर्ची आणि गरम कॉफी मिळाल्यावर तिनं लॅपटॉप उघडला आणि सागर संशोधन संस्थेच्या सर्व्हरवर दाखल झाली. तिथली तिची नोकरी अगदीच नवी होती.

संस्थेत सगळे मिळून एकाच काळ्या पडद्यावर काम करत. टीमक्स नावाच्या प्रोग्रॅमचा पडदा, ज्याच्या त्याच्या संगणकावर उघडणारा. त्यात कितीतरी खिडक्या, प्रत्येक खिडकीत एक काम, आणि तळाशी एक पट्टी, जिच्यावर त्या खिडक्यांची नावं. पडदा सामायिक, त्यामुळे एकानं केलेला बदल सगळ्यांच्या नशिबी येई. भांडणं नकोत म्हणून एक रिवाज पडला होता: खिडकीला ज्यानं नाव दिलं, त्यानंच ते बदलायचं.

पट्टी हिरवीगार होती. टॅम्सिनला काही ती बघवेना. तिनं ती जांभळी केली... आणि ती लगेच पुन्हा हिरवी झाली. तिनं पुन्हा जांभळी केली. पुन्हा हिरवी. मग एक नवी खिडकी उघडली आणि पट्टीवर तिचं नाव उमटलं — 'कोण आहे'.

टॅम्सिननं शेजारी आणखी एक खिडकी उघडली आणि नाव दिलं — 'तुम्ही कोण'.

पलीकडच्या टेबलावर कुणीतरी फिसकन हसलं. डोक्याला लोकरी टोपी, समोर लॅपटॉप, हातात शिंपल्यांचं सारण भरलेली पेस्ट्री.

"त्या जांभळ्यानं माझं डोकं दुखतं," तो म्हणाला.

"आणि हिरव्यानं काय थंडावा मिळतो?"

"सवय आहे."

"सवय म्हणजे आवड नव्हे," टॅम्सिन म्हणाली, आणि पट्टी जांभळी करून मोकळी झाली.

त्याचं नाव रोरी. समुद्रात यंत्रं सोडणं आणि त्यांनी पाठवलेले आकडे गोळा करणं हे त्याचं काम. त्यानं जांभळ्या रंगापुढे हात टेकले, आणि मग संस्थेत वरचेवर तिच्या टेबलाशी येऊन पट्टी आणखी नटवायच्या युक्त्या शिकवू लागला. भरतीची वेळ इथे दाखव, घड्याळ तिथे ने. त्याला बोलताना ओठ चावायची सवय होती, आणि टॅम्सिनला त्या ओठांकडे न बघायची सवय करून घ्यावी लागली. पट्टीच्या डाव्या कोपऱ्यात पडद्याचं नाव असे, ते तिनं सरळ काढून टाकलं. दिसायला बोजड दिसत होतं, एवढंच कारण.

मग एके सकाळी पट्टीच्या उजव्या टोकाला एक तापमान दिसू लागलं. ते होबार्टचं नक्कीच नव्हतं.

"हे कुठलं?"

"मॅक्वारी बेटाचं, पार दक्षिणेला. जातोय मी... वर्षभरासाठी. पुढच्या जहाजानं."

"छान," टॅम्सिन म्हणाली. "गरम मोजे घे."

तिला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण शाळेत असल्यापासून ज्यानं त्या बेटाची स्वप्नं पाहिली, त्याच्या वाटेत खोडा घालणारी आपण कोण? सांगावं तर तो राहील, न सांगावं तर तो जाईल, या पेचात तिचे दिवस गेले आणि तोंडातून शब्द निघाला नाही.

जहाज निघायच्या आदल्या दिवशी दुपारी संस्थेच्या वरच्या मजल्यावर प्रवाशांची बैठक होती, आणि तिथल्या भिंतीवर सामायिक पडदा मोठा करून दाखवला होता. टॅम्सिन खाली एकटीच होती. तिचा स्वतःचा एक खासगी पडदा होता आणि त्यातल्या खिडक्यांना ती मनाला येईल ती नावं देई. तिनं एक खिडकी उघडली आणि लिहिलं — 'रोरी जाऊ नकोस'.

समोरचा पडदा मात्र तो खासगी नव्हता, सामायिक होता. दोन्ही पट्ट्या जांभळ्या, आणि कुठला पडदा कुठला हे सांगणारं नाव तिनंच कोपऱ्यातून उडवलेलं. वरच्या भिंतीवर, सगळ्या प्रवाशांसमोर, ती विनंती हातभर अक्षरांत झळकली. बैठक घेणाऱ्या नेव्हिलनं गंभीर चेहऱ्यानं विचारलं म्हणे, की ही सूचना हवामान खात्याची आहे का. रिवाज पाळून त्या नावाला हात मात्र कुणी लावला नाही.

रोरी जिना उतरून आला.

"तूच बदलायला हवंस ते," तो म्हणाला. "पण आधी सांग... खरं आहे?"

टॅम्सिनचे कान तापले. "खरं आहे. माझं प्रेम आहे तुझ्यावर."

"मग मी राहतो. नेव्हिलला सांगतो आत्ताच."

"नको."

"अगं, पण तूच तर —"

"राहिलास तर रोज खिडकीतून दक्षिणेकडे बघत बसशील, आणि मी तुझी पाठ बघत बसेन. जा तू."

तो ओठ चावत उभा राहिला. "मला वाटायचं, तुला काही फरकच पडत नाही."

"पडतो. झोप लागत नाही, इतका पडतो."

तिनं जुनं नाव पुसलं आणि नवं लिहिलं — 'रोरी परत ये'. वरून टाळ्यांचा आवाज आला. रोरीनं तिचा हात हातात घेतला आणि बैठक संपेपर्यंत तो काही वर गेला नाही.

दुसऱ्या दिवशी जहाज ठरल्याप्रमाणे सुटलं. टॅम्सिन धक्क्यावर सगळ्यांच्या देखत रडली, आणि डोळे पुसायच्या भानगडीत पडली नाही.