भरायला लागणारा वेळ

निवृत्त झाल्यावर रंगनाथ गांगुर्डे यांनी एकच काम धरलं होतं. गंगापूर रोडला शहर संपल्यावर जो एक लहानसा नेमबाजी क्लब लागतो, तिथे आठवड्यातून तीन दिवस परवानाधारकांना हत्यार हाताळायला शिकवायचं. चौतीस वर्षं पोलिसांच्या शस्त्रागारात काढलेला माणूस. पुंगळी हातात घेतली की ती कधीची, कुठल्या हत्यारातून उडालेली, हे ते चष्मा न लावता सांगत. शिकायला येणाऱ्यांत बिल्डर जास्त. लग्नात कमरेला दिसावं म्हणून रिव्हॉल्व्हर घेतलेले. एकदा नेम लागला की ते परत फिरकत नसत.

फेब्रुवारीत आलेल्या दीपमाला पिंगळे तशा नव्हत्या. चाळिशीच्या आसपासची बाई, साधा सुती पंजाबी ड्रेस, हातांवर काट्यांचे ओरखडे. मातोरीच्या पुढे त्यांचं गुलाबाचं पॉलिहाउस होतं. वडील फौजेतले. ते गेल्यावर त्यांचं बत्तीस बोअरचं लहान रिव्हॉल्व्हर रीतसर मुलीच्या नावावर झालेलं.

"नेम शिकायचा नाहीये सर," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "नेम बरा आहे माझा. मला लवकर भरायला शिकवा."

रंगनाथांनी खोट्या काडतुसांचा डबा काढला आणि त्यांना भरून दाखवायला सांगितलं. बाईंनी पर्सची चेन उघडली, एकेक काडतूस चाचपून काढलं, एकेक घरात बसवलं. एकोणीस सेकंद लागले.

मग रंगनाथांनी शिकवायला सुरुवात केली. हे रिव्हॉल्व्हर मधून मोडतं. खटका दाबून नळी खाली पाडली की सहाही रिकाम्या पुंगळ्या आपोआप वर उसळतात. त्या उडाल्या का हे बघत बसायचं नाही. तोवर डावा हात काडतुसांकडे गेलेला पाहिजे. काडतुसं पर्समध्ये सुटी ठेवायची नाहीत. रबरी पट्टीत ओळीने खोचायची, पट्टी कमरेला डाव्या बाजूला, रोज त्याच जागी. दोन-दोन भरायची. आणि मुख्य म्हणजे हाताकडे बघायचं नाही.

शेवटचं वाक्य ऐकताना बाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "म्हणजे समोर बघत भरता येतं?"

"येतं. सवयीने येतं."

बाईंनी ती सवय अंगात मुरवून घेतली. तीन आठवड्यांत एकोणीसवरून अकरा, मग आठ. बोटांची साल निघाली तर त्यावर चिकटपट्टी लावून त्या यायच्या. आठ सेकंद म्हणजे चांगलेच, असं रंगनाथ म्हणाले तेव्हा बाईंनी नकारार्थी मान हलवली. "पाचच्या आत पाहिजे."

इथे रंगनाथांच्या मनात पाल चुकचुकली. घरात चोर शिरला तर दोन गोळ्या पुष्कळ होतात. सहा झाडून आणखी सहा लागाव्यात, आणि त्याही पाच सेकंदांत, असं या बाईच्या आयुष्यात काय आहे? त्यात भर म्हणजे रिव्हॉल्व्हर साफ करायला घेतलं तर नळीत ताजी काजळी. क्लबात त्या खोट्याच काडतुसांवर सराव करत होत्या.

"घरी गोळ्या झाडता का?" त्यांनी विचारलं. "गुन्हा आहे तो."

"पॉलिहाउसात," बाई म्हणाल्या. लपवलं नाही. "आजूबाजूला सगळ्या द्राक्षबागा आहेत. पाखरं उठवायला दिवसभर बार वाजतात. कोणी लक्ष देत नाही."

"कशावर झाडता?"

बाईंनी पट्टीतली काडतुसं बोटाने सारखी केली. "दुपारी तीन-साडेतीनला येतं ते. मागच्या भिंतीकडून. गोळी लागली की जागीच थांबतं. सहा झाल्या की मी भरायला घेते, तेवढ्यात दोन वाफे पुढे सरकतं."

"दिसतं कसं?"

"दिसत नाही. फुलं हलतात."

रंगनाथांनी खोट्या काडतुसांचा डबा बंद केला. डोक्यावर परिणाम झालेल्या माणसाच्या हातात हत्यार असणं त्यांनी नोकरीत दोनदा पाहिलं होतं, आणि दोन्ही वेळा पंचनाम्याला तेच गेले होते.

त्याच आठवड्यात बाईंचे पती महेश पिंगळे क्लबावर आले. सभ्य, थकलेला माणूस. महिनाभरापासून ते मुलीला घेऊन शहरातल्या फ्लॅटवर राहत होते.

"साहेब, तिला शिकवू नका," ते हळू आवाजात म्हणाले. "मी तिथे तिच्याजवळ उभा राहिलोय. काही नसतं. ती रिकाम्या वाटेवर गोळ्या झाडते. मी मध्ये गेलो तर माझ्यावर ओरडली, बाजूला हो म्हणून. नळी माझ्याकडेच होती."

"तुम्ही पोलिसांत गेलात?"

"बायको आहे माझी." महेश जायला वळले. मग म्हणाले, "एक सांगतो, त्याचा अर्थ तुम्हीच लावा. पॉलिहाउसच्या प्लास्टिकच्या कागदाला एक भोक नाही. पन्नास-साठ गोळ्या झाडल्या असतील तिने. मी मागची भिंत हाताने चाचपून बघितली. एक नाही."

रंगनाथांनी त्याचा अर्थ लावला नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर फक्त नवऱ्याकडे वळलेली नळी राहिली.

सोमवारी बाई आल्या तेव्हा त्यांनी पाच सेकंदांच्या आत भरून दाखवलं. पहिल्यांदाच हसल्या. मग खोटी काढून त्यांनी आपली सहा खरी काडतुसं भरली, तेव्हा रंगनाथांनी त्यांच्या कमरेची पट्टी मागून घेतली. तिच्यात आणि पर्समधल्या दुसऱ्या पट्टीत मिळून बारा काडतुसं होती. त्यांनी एक उजेडात धरलं.

"वडिलांच्या वेळची दिसतात. दारू दमट झाली असेल तर हातात फुटेल. ठेवून जा, तपासून देतो. शुक्रवारी न्या."

काडतुसं चांगली होती. हे त्यांना ठाऊक होतं.

"शुक्रवारपर्यंत?" बाईंचा चेहरा उतरला. "मग माझ्याकडे भरायला काही राहणार नाही."

"सहा आहेत ना आत."

बाईंनी त्यांच्या हातातल्या पट्ट्यांकडे आणि मग त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना खरं काय ते कळलं असावं, असं रंगनाथांना वाटलं. पण चौतीस वर्षं ज्याने दुसऱ्याच्या हत्याराचा निर्णय केला, त्याच्याशी वाद घालण्याइतकं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं.

"बरं," त्या म्हणाल्या. "पुरवून वापरीन."

बुधवारी दुपारी साडेतीनला बाईंचा फोन आला. रंगनाथांनी उचलला नाही. पाच मिनिटांनी पुन्हा आला. तोही नाही. गुरुवारी आला नाही. शुक्रवारी बाई क्लबावर आल्या नाहीत, तेव्हा मात्र त्यांना बसवेना. पट्ट्या पिशवीत टाकून त्यांनी स्कूटर काढली.

मखमलाबाद गेलं, मातोरी गेली. बागांमधून द्राक्षांची काढणी चालली होती, रस्त्याकडेला क्रेटच्या थप्प्या. मधूनच पाखरांसाठी बार वाजे आणि मैनांचा थवा उठे. पिंगळ्यांच्या शेतात पॉलिहाउस उन्हात पांढरंशुभ्र दिसत होतं. बाहेर जांभळाखाली एक म्हातारी बाई गुलाबाच्या जुड्या बांधत होती. पेठकडची भागीबाई, इथली जुनी मजूर.

"दीपमालाताई आहेत?"

"आत हाय." भागीबाईने वर पाहिलं नाही. "बरं हाय आता तिला. सकाळधरनं फुलंच तोडते. जेवली नाय."

"आणि गोळ्या?"

"काल वाजली. एकच. मंग नाय वाजली."

रंगनाथ आत गेले. ओल्या मातीचा आणि औषधाचा उग्र वास. उष्मा अंगाला चिकटला. दाराजवळ लोखंडी टेबल होतं. त्यावर मोडून उघडं ठेवलेलं रिव्हॉल्व्हर. शेजारी सहा रिकाम्या पुंगळ्या, नीट उभ्या केलेल्या.

कोणी जखमी नव्हतं. रक्त नव्हतं. त्यांचा श्वास थोडा मोकळा झाला.

मग त्यांना मधल्या वाटेवर, टेबलापासून हातभरावर, काहीतरी चकाकताना दिसलं.

गोळी होती. त्यांनी उचलून डोळ्यांजवळ धरली. अंगावर नळीचे आटे उमटलेले होते, म्हणजे ती झाडलेलीच. पण टोक चेपलेलं नव्हतं. कशालाही लागलेली गोळी अशी राहत नाही, आणि न लागलेली गोळी इथे पडत नाही.

दोन पावलांवर दुसरी. त्यापुढे चार पावलांवर तिसरी.

चौथी बरीच लांब. पाचवी आणखी लांब.

सहावी मागच्या भिंतीशी.

ते तिथून वळले आणि दाराकडे बघत उभे राहिले. टेबल केवढंसं दिसत होतं. पहिली गोळी इथे अडलेली, सोमवारची. शेवटची टेबलाशी, कालची. दरवेळी बाईंनी जमेल तितका वेळ वाट पाहिली होती. पुरवून वापरल्या होत्या.

पिशवीतल्या बारा काडतुसांचं वजन त्यांना हाताला लागलं.

"सर, या ना."

दीपमालाताई वाफ्यांमध्ये उभ्या होत्या. किती वेळ, कोण जाणे. चेहरा शांत, झोप झालेल्या माणसासारखा.

"तुमच्या पट्ट्या आणल्यात," रंगनाथ म्हणाले. "चुकलं माझं. मी फोन घ्यायला हवा होता."

"असू दे. आता नको त्या. ते हत्यारही घेऊन जा."

"आता येत नाही ते?"

"नाही."

"थांबलं?"

"थांबलं नाही," त्या समजावल्यासारख्या म्हणाल्या. "पोचलं."

ठिबकच्या नळीतून पाणी टपकत होतं. एवढाच आवाज.

रंगनाथांना काय करावं सुचेना, तेव्हा त्यांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. हत्यार असं नेता येत नाही, लेखी अर्ज लागतो, असं म्हणून त्यांनी डायरीतला कागद फाडला आणि पेन पुढे केलं. बाई टेबलाशी आल्या. आज्ञाधारकपणे वाकल्या.

"लिहा," त्यांनी सांगितलं. "मी, मग तुमचं पूर्ण नाव."

बाईंनी 'मी' लिहिलं. पुढे स्वल्पविराम दिला. पेन कागदावर टेकलेलं राहिलं.

रंगनाथ थांबले.

बाईंनी मान वर केली. नव्या शाळेत आलेल्या मुलीसारखं जरा संकोचून हसल्या.

"सांगा ना सर," त्या म्हणाल्या. "हिचं नाव कसं लिहितात?"